हिरवी चौकट

गुंजन राऊत भित्री आहे. हे मानेवाड्यातल्या तिच्या शेजाऱ्यांपासून पारशिवनीकडच्या तिच्या वडिलांच्या गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते लपवायची तिलाही हौस नाही. ती पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, अवेळी वाजलेल्या फोनला घाबरते. अशी बाई फोटोग्राफर झालीच कशी, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर भित्री आहे म्हणूनच झाली. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस आतून किती घाबरलेला असतो, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

मानेवाडा रोडवर तिचा दीड खोलीचा स्टुडिओ आहे. म्हाताऱ्या माणसांचे फोटो तिने काढावेत, असं तिचं नाव झालेलं. आजोबा स्टुलावर बसले की ती बोलायला लागते आणि थांबतच नाही. "काकाजी, ताठ बसा. हनुवटी थोडी खाली. श्वास सोडा. आता फक्त माझ्याकडे बघा." हे ती दिवसातून पन्नास वेळा म्हणत असेल. बोलता बोलता समोरच्याची भीती जाते, थोडी हिचीही जाते, आणि त्या मधल्या क्षणात ती बटण दाबते.

फक्त एका माणसापुढे तिची ही विद्या चालली नाही. तिचे वडील, रुपराव. फोटो म्हटला की हा माणूस हातातलं काम टाकून उभा राहणार, शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावणार, हात मांड्यांना चिकटवणार आणि फोटो निघेपर्यंत श्वाससुद्धा घेणार नाही. त्यांच्या पिढीत फोटो वर्षा-दोन वर्षांतून एकदा निघायचा, तेव्हा त्याचा मान ठेवायचा असतो, ही त्यांची समजूत. गुंजन चिडायची. तिच्याकडे वडिलांचे चाळीस फोटो होते आणि चाळीसही फोटोंत बाबांच्या जागी विजेचा खांब उभा होता.

या रुपरावांना कशाचीच भीती वाटत नाही. हा गुण म्हणावा की खोड, देव जाणे. बापाच्या वाट्याची सगळी भीती लेकीला आली असावी.

मागच्या दिवाळीला त्यांच्या शेजारच्या वावरात कालवड मारलेली सापडली. त्यांचं वावर जंगलाला लागून, मध्ये फक्त नाला. गावात जो तो वाघ म्हणत होता, रुपराव मात्र कुत्रे म्हणत होते. त्याच संध्याकाळी गुंजन त्यांच्यासोबत बांधावर उभी असताना गवतात काहीतरी हललं. तिने घाबरत घाबरत गळ्यातला जुना कॅमेरा उचलून बटण दाबलं. जुन्या कॅमेऱ्यात आरसा असतो, फोटो काढताना तो वर उडतो आणि खटॅक वाजतो. लग्नाच्या मांडवात कोणाला ऐकू येत नाही, पण त्या शांत वावरात तो फटाक्यासारखा वाजला. गवतातलं जे होतं ते गेलं. फोटोत नुसतं हललेलं गवत आलं. रुपराव हसत हसत, काठी घेऊन सरळ त्या गवतात शिरले.

"बाबा, नका जाऊ!" ती ओरडत राहिली.

"हे पाह्य, काही नाही. डुक्कर असन," ते आतून म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वाघाले का तुहा बापच दिसते? फोटो दाखव मले वाघाचा, मंग मानतो."

डिसेंबरात आईचा, प्रयागबाईंचा फोन आला. बाई हळू आवाजात बोलत होत्या, म्हणजे रुपराव जवळच असणार.

"गुंजन, नाल्याच्या वाळूत पंजे दिसले वं. अन् हे संध्याकाळी अंधार पडेपर्यंत वावरात वाकून निंदत राह्यते. मले लय धाक वाटून राहिला. तू सांग ना तुह्या बापाले."

"आयकते का ते माझं?"

"फोटो दाखव म्हणते ना. तं काढ बाई फोटो. तेच तं काम हाय तुहं."

त्या रात्री गुंजनला झोप लागली नाही. वाकलेलं माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखं दिसतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि डोळे मिटले की वाकलेली पाठ दिसायची. सकाळी उठून ती सीताबर्डीला कॅमेऱ्याच्या दुकानात गेली.

दुकानदार जितेंद्र तिला कॉलेजपासून ओळखतो. "काय पाह्यजे ताई? लग्नासाठी का जंगलासाठी?"

"दोन्हीसाठी. म्हातारी माणसं आणि वाघ."

"एकाच फोटोत नाही ना?" तो हसला. गुंजन हसली नाही.

आधी त्याने बिनआरशाचा कॅमेरा हातात दिला. गुंजनने दहा वेळा बटण दाबलं आणि दहाही वेळा काही वाजलं नाही. त्याचीही तिला भीतीच वाटली. "निघाला का पण फोटो?" तिने विचारलं. निघाले होते, दहाच्या दहा.

मग लेन्सची पाळी आली. माणसांच्या चेहऱ्यासाठी पंच्याऐंशीची लेन्स उत्तम, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळून जातं, पण तिने वाघ काढायचा तर त्याला स्टुलावर आणून बसवावं लागलं असतं. दुसरी सहाशेपर्यंत जाणारी, लांबचं अगदी जवळ आणणारी. ती लावून गुंजनने रस्त्यापलीकडच्या पानठेलेवाल्याकडे पाहिलं, तर त्याची मिशी चौकटीभर नाचायला लागली. नाचत होते गुंजनचे हात. एवढं वजन धरून घाबरणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

"घाबरणारे लोक लांबचीच लेन्स मागते," जितेंद्र म्हणाला. "पण हे घ्या. शंभर ते चारशे. शंभरवर तुमचे म्हातारे, चारशेवर तुमचा वाघ. एक सांगतो, पाचच्या नंतर उजेड कमी झाला का हे मार खाईन. फोटोत रव्यासारखे दाणे दिसन."

"दिसू दे. ओळखू आला म्हणजे झालं."

शेवटी त्याने कॅमेऱ्यातली चौकट दाखवली; ती जिथे बसेल तेवढंच फोटोत लख्ख येतं. कॅमेरा पानठेलेवाल्याकडे रोखताच छोटी हिरवी चौकट उमटली आणि नेमकी त्याच्या डोळ्यावर जाऊन बसली. तो हलला की तीही हलायची. मग जितेंद्रने एक बटण दाबलं. चौकट माणसाला सोडून ठेल्याखाली झोपलेल्या कुत्र्याच्या डोळ्यावर गेली.

"एक तं माणूस लावा, नाही तं जनावर लावा. दोन्ही एकदम धरत नाही हे. इसरू नका, नवे लोक इथंच चुकते."

गुंजनने मान हलवली. अशा सूचना आपण नेहमीच मान हलवून ऐकतो.

संक्रांतीला ती गावी गेली. दुपारभर अंगणातल्या वासरावर सराव केला. चौकट वासराच्या डोळ्यावर छान बसत होती. साडेचारला प्रयागबाई चहाची किटली घेऊन वावरात निघाल्या, तशी कॅमेरा गळ्यात अडकवून तीही निघाली.

वावरात एका अंगाला हरभरा, आणि त्याच्या पुढे नाल्यापर्यंत तूर. यंदा तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली, आत दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. रुपराव तुरीजवळच वाकून हरभरा निंदत होते. प्रयागबाईंनी तिथेच, तुरीला पाठ करून, वाकून चहा ओतला. गुंजनने थोडं दूर जाऊन दोघांचा एक फोटो काढला. चौकट कोणाच्याच चेहऱ्यावर बसेना, नुसती मागे भिरभिरली. 'एवढा महागाचा कॅमेरा आणि आई-बाबांना ओळखत नाही,' ती मनात म्हणाली. चहा झाला. प्रयागबाई किटली घेऊन घरी गेल्या. रुपराव पुन्हा वाकले.

गुंजन विहिरीजवळ जाऊन उभी राहिली, वडिलांपासून साठेक पावलांवर. मागे मोटारपंपाची खोली होती, तेवढाच तिला धीर. नाल्याकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती. पण ऊन उतरलं होतं, वडिलांच्या पाठीवर पिवळा उजेड पडला होता, आणि आपल्याकडे कोणी बघतंय हे त्यांना माहीत नव्हतं. चाळीस खांबांनंतर हा पहिला खरा फोटो मिळणार होता. तिने कॅमेरा डोळ्याला लावला, लेन्स चारशेवर नेली.

चौकट पुन्हा बाबांवर बसेना. त्यांच्या चेहऱ्यावरून घसरली, खांद्यावरून मागे गेली आणि तुरीत जाऊन थांबली. हिरवी, स्थिर. गुंजनने वैतागून दोन फोटो काढले, कॅमेरा हलवून पुन्हा आणला. चौकट पुन्हा त्याच जागी गेली. मग तिला वासरू आठवलं. बटण जनावरावरच राहिलं होतं. 'हात्तिच्या,' म्हणून तिने बोट बटणावर नेलं आणि तिथेच थांबवलं.

जनावरावर आहे. मग हे तुरीत धरतंय काय?

तिने चौकटीच्या आत पाहिलं. आधी तुरीच्या शेंगा दिसल्या. मग शेंगांमागे पिवळं दिसलं, त्यात काळं, आणि मधोमध एक डोळा. तो डोळा रुपरावांच्या पाठीकडे बघत होता.

'बाबा, वाघ!' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिने दात घट्ट आवळले. तिला दिवाळीचं गवत आठवलं. वाघ म्हटलं की हा माणूस पळणार नाही, हसेल, मागे वळेल आणि खुरपं घेऊन बघायला आत शिरेल. ओरडायचं नाही. पण ते वाकलेले आहेत, आणि वाकलेले राहता कामा नयेत. काय सांगितलं तर ते उभे राहतील?

"बाबा!" तिने हाक मारली. आवाज स्टुडिओतला काढायचा होता, तो फाटकाच निघाला. "बाबा, फोटो काढतेय! उभे राहा!"

रुपराव उठले. ताठ उभे राहिले. खुरपं खाली टाकलं, गळ्याजवळचं बटण लावलं, हात मांड्यांना चिकटवले. त्या विजेच्या खांबावर गुंजनने जन्मात एवढी माया केली नव्हती.

"छान. हनुवटी वर. फक्त माझ्याकडे बघा. मागे नका वळू, फोटो बिघडेल. आता तसेच चालत या माझ्याकडे. हळू, बाबा, हळू."

"चालत?" रुपराव ओठ न हलवता म्हणाले. "चालता फोटो काहून?"

"नवीन कॅमेरा आहे. चालताच निघतो."

ते चालायला लागले, हात न हलवता, समोर बघत. तिचं बोट बटणावरून उठत नव्हतं, आणि कॅमेरा एकही आवाज न करता फोटो घेत होता. वीस पावलं झाली. चौकट तुरीतच होती. तीस पावलं झाली आणि चौकट विझली. आता तर ती खरी घाबरली. चौकट होती तोवर तो कुठे आहे हे कळत होतं. आता तो कुठेही असू शकत होता. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "माझ्याकडे बघा, बाबा, फक्त माझ्याकडे," आणि डोळ्यांतून पाणी वाहून कॅमेऱ्यातलं सगळं धूसर झालं. वडील हाताशी आले तसं तिने त्यांचं मनगट धरलं, मोटारीच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.

"काय झालं वं, पोरी? दार काहून लावलं?"

तिने कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. रुपरावांनी जो तो करतो तेच केलं, आधी स्वतःला शोधलं.

"मी तं धुकट आलो," ते म्हणाले. "अन् तूर साजरी आली."

गुंजनने फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. रुपराव वाकून बघत राहिले. बाहेर टिटवी ओरडत होती.

"माह्या मागं होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कवापासून?"

हे गुंजनलाही माहीत नव्हतं. ती एकेक फोटो मागे नेत गेली. वैतागून काढलेले दोन आले, त्यांत डोळा होता. त्याच्या आधी चहाचा फोटो आला. प्रयागबाई वाकून कपात चहा ओतत होत्या, धूसर. त्यांच्या पाठीमागे, दहा-बारा हातांवर, तुरीच्या कडेच्या शेंगांआड तोच डोळा होता, लख्ख.

रुपरावांनी भिंत धरली. तसेच खाली बसले. त्यांचा हात गळ्याजवळच्या बटणाशी गेला, पण ते काही सुटेना. गुंजनने खाली बसून ते सोडलं.

तिने पडद्यावरचा फोटो मोबाईलवरून वनरक्षकाला पाठवला. तासाभराने वनखात्याची गाडी आली, वाघाला पिटाळायला फटाके वाजले, आणि गाडीच्या उजेडात दोघं घरी पोचली. प्रयागबाई दारातच उभ्या होत्या.

"एवढा वेळ? अन् हे गाडी काहून आली? निघाला का वं फोटो?"

गुंजनने वडिलांकडे पाहिलं. रुपराव पाय धुवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"उद्यापासून चहा घेऊन येत जाऊ नको तू वावरात," ते म्हणाले.

"काहून?"

"मी घरी येऊन पित जाईन. चार वाजताच."