परक्यांसाठीचा शब्द

वडिलांनी फोनवर मला हॅलो म्हटलं, त्या दिवशी सगळं बदललं. आमच्या घरात फोनवर आधी जय भीम म्हणायची रीत होती. हॅलो परक्यांसाठी, असं वडील म्हणत. हॉस्टेलवर असताना एकदा माझ्या तोंडून हॅलो गेलं, तर "राँग नंबर लागला बाई तुमचा," म्हणून, मागं आई हसत असतानाच, त्यांनी फोन ठेवून दिला होता. त्या दिवशी सकाळी गावाकडून, कन्नडहून, नेहमीसारखा त्यांचा फोन आला. शहरात, गारखेड्यातल्या माझ्या घरात मी भाकरी तव्यावर टाकत होते. "जय भीम, बाबा," मी म्हणाले. पलीकडं पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग ते म्हणाले, "हॅलो." मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसत म्हणाले, "राँग नंबर लागला तुमचा." ते अदबीनं म्हणाले, "माफ करा हं, ताई," आणि फोन बंद झाला. भाकरी करपल्याचा वास येईपर्यंत मी तशीच उभी होते. पुन्हा त्याच नंबरवरून फोन वाजला. या वेळी आई होती. मोबाइलला कधी हात न लावणारी आई. "हे मला वळखंनात गं. कोन तुमी, म्हनतेत. लवकर ये." मी एसटीनं पोचले तेव्हा त्यांची वाचा गेली होती, आणि आठवड्याभरात तेही गेले. तो मोबाइल आता आईकडे असतो. रोज सकाळी ती फोन करते आणि आधी जय भीम म्हणते.