चंद्राआत्याच्या शेजारची जागा

चंद्राआत्या गेल्याचं गल्लीला सकाळीच कळलं. विड्यांच्या ठेकेदाराला मात्र दहावं उरकल्यावर कळलं, तेही तयार माल न्यायला आला म्हणून. दारातच थबकला. मग पानांचं गाठोडं माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "लई वाईट झालं. पर वहीत नाव त्यांचंच ऱ्हाऊ दे. विड्या कुनी वळल्या, कोन बघतंय?"

माझी आई लवकर गेली. वडिलांच्या या विधवा बहिणीनं मला संगमनेरात वाढवलं ते विड्या वळूनच. लहानपणी मी तिच्याबरोबर कारखान्यात जायची. मांडीवर सूप घेऊन बायका गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. उशिरा आलेली "सरक गं" म्हणाली, की सगळी ओळ कुरकुरत, हसत सरकायची. आत्या एखाद्या दिवशी आली नाही, तर मुकादमाआधी ओळच विचारायची, "चंद्रा कुठं हाय?" आणि संध्याकाळी कुणीतरी भाकरी घेऊन दारात हजर.

मग मालकानं कारखान्याला कुलूप लावलं. पानं-तंबाखू ठेकेदाराकरवी घरोघर येऊ लागली. घरबसल्या काम, केवढं सुख, असं लोक म्हणायचे. जळलं मेलं ते सुख! आत्या भिंतीला चिकटून बसायची, शेजारी जागा सोडून. वळता वळता पुटपुटायची, "सरक गं."

"आत्या, कुणाला म्हणतेस?" मी हसून विचारलं.

ती दचकली. "सवय गं... जात न्हाई."

पुढं पुढं त्या मोकळ्या जागेवरून मला पाय टाकवेना.

खोकला वाढला तेव्हा ती मला घेऊन जुन्या मालकाकडं गेली. पूर्वी कामगारांना त्याच्याकडून औषध मिळायचं. "तुम्ही आता ठेकेदाराच्या," तो म्हणाला. ठेकेदार म्हणाला, "मी निस्ती पानं वाटतो, बाई." येताना वाटेत तिनं मला विचारलं, "मंग आमी कुनाच्या गं?" मला तेव्हा जो राग आला, तो अजून गेलेला नाही. थंडीत ती गेली.

पोट कुणाला चुकलंय? मी विड्या वळते, आत्याच्या नावानं. तिच्या भिंतीशी बसवत नाही, म्हणून तिनं सोडलेल्या जागेत बसते.

परवा शेजारची सखू सूप घेऊन दारात उभी राहिली. "घरात एकटीला करमत न्हाई. बसू का हितं?"

"ये की," म्हटलं, आणि तिला जागा करायला भिंतीकडं वळले. तोंडातून निघून गेलं, "सरक गं, आत्या..."

सखू हसली नाही. कुणी सरकायची वाट बघावी तशी थांबली, मग बसली.