जरासंध मरेपर्यंत पाणी नाही

पिंप्राळ्याहून निघतानाच रिक्षावाल्याशी माझं वाजलं, त्यामुळे एसटीत बसले ती फुरंगटूनच. एरंडोल आलं तशी शेजारची बाई म्हणाली, "इथंच भीमानं बकासुर मारला."

"मारला हो," मी म्हटलं, "पण गाव राक्षसाला पाळीनं माणसं पाठवत होतं, तेव्हा इथला राजा काय करत होता?"

बाईनं तोंड खिडकीकडं वळवलं. मला हा प्रश्न लहानपणापासून छळतो, आणि उत्तर कुणी देत नाही.

रात्री धुळ्यात मुक्काम केला. शेवभाजीनं जिभेला चटका दिला, पण ती मी पुन्हा मागितली. सकाळी नरडाण्याकडची गाडी धरली. तिथून पुढं आतल्या अंगाला सुमनचं, माझ्या मैत्रिणीचं, माहेर आहे. त्या दिवशी गावात सोंगं (देवादिकांचे वेश घेऊन केलेला खेळ) होती, आणि सोंग होतं जरासंधाचं. या राजानं बळी द्यायला कितीतरी राजे कोंडून ठेवले होते. कृष्ण, भीम आणि अर्जुन वेश पालटून त्याच्या दारात गेले.

या गावात ते कोंडलेले राजे म्हणजे नवस फेडणारी माणसं. एका दोराला हात बांधून पारापुढं बसायचं आणि जरासंध मरेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. कृष्ण कडब्याचं ताट (ज्वारीचा वाळलेला दांडा) उभं चिरतो आणि दोन्ही भाग उलट्या दिशांना फेकतो. ही भीमाला खूण. मग भीम राजाला तसाच चिरतो आणि दोर सुटतो. सुमन म्हणाली होती की न्याहारीच्या आत सगळं आटोपतं.

मी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खेळ संपला असेल असं वाटलं, पण राजे दोरातच होते आणि भीम सावलीला गदा टेकून बसला होता. कारण काय, तर यंदा ताट कृष्णानं नाही, साहेबांनी चिरायचं. फीत कापतात तसं. साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी. ताट त्यांच्यासाठी शालीत गुंडाळून ठेवलेलं.

दोराच्या टोकाला सुमनची चुलती, अक्का, बसली होती. सुनेचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा तिनं नवस बोलला होता, आणि सून-नात दोघी सुखरूप घरी आल्या होत्या. अक्काचे ओठ पांढरे पडले होते. मी तांब्या पुढं केला.

"राजा मरू दे पहिले," अक्का म्हणाली, "मंग पानी."

माझं डोकं फिरलं. माईक धरून उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला गाठलं. "भाऊ, म्हातारी पडेल ना इथं."

"ताई, साहेब निघालेत."

"कधीचे निघालेत?"

"निघालेत ना," तो म्हणाला आणि माईकवर पुन्हा स्वागताचं सुरू केलं.

चीड आली मला, खरं सांगते. लोकांची श्रद्धा, लोकांची तहान, आणि मुहूर्त मात्र साहेबांच्या गाडीचा. आणि बठ्ठं (सगळं) गाव मुकाट. मी सावलीतल्या भीमालाही सुनावलं, तर त्यानं गदा उचलून दुसऱ्या बाजूला टेकवली.

तेवढ्यात अक्का एका अंगाला कलली. दोर ताणला गेला, शेजारचे दोघं ओढले गेले.

पारावर खुर्चीत बसलेला जरासंध उठला. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेले सत्तरीचे नाना. पार उतरून ते बैलगाडीपाशी गेले, बैलापुढच्या कडब्यातलं एक ताट उपसलं आणि दातानं फोडून उभं चिरलं. एक भाग इकडं फेकला, एक तिकडं.

"नाना, थांबा," माईक ओरडला, "साहेब..."

"मी जरासंध शे," नाना म्हणाले, "पन इतला नही." आणि धुळीत उताणे पडले. "ये रे भीमा."

भीम धावला. पाय धरल्यासारखं केलं आणि राजा मेला. दोर सुटला. अक्काला मी घोट घोट पाणी पाजलं. तिसऱ्या घोटाला तिनं डोळे उघडून विचारलं, "मरना का?" म्हणजे, मेला का राजा?

जेवणं उठत आली तेव्हा साहेबांची गाडी आली. हारतुरे झाले. कार्यकर्ता नानांपाशी येऊन हळूच म्हणाला, "नाना, फोटोपुरतं पुन्हा एकदा पडा."

नाना कळण्याची भाकरी (उडीद घातलेली ज्वारीची भाकरी) मोडत होते. "एकदा मरेल राजा परत उठत नही, भाऊ," म्हणाले आणि ठेचा मागितला.

परतताना एरंडोलला कुणीतरी म्हणालंच, "इथं भीमानं बकासुर मारला." मी या वेळी काही विचारलं नाही. इथला राजा तेव्हा काय करत होता, ते मला कळलं होतं. तो निघाला होता.