परत केलेली सुपारी

सुपारी हातात पडली की ती आधी पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि मग विचारायची, "हलद कवा?" बेलवलीतली ती आमची शेजारीण, आगरी लग्नांत धवले गाणारी धवलारीण. तिच्या गाण्यावाचून लग्न लागायचं नाही. सगळे तिला बाय म्हणत. एकदा गाठ मारली की ताप असो, घरात पाहुणे असोत, बाय जाणारच. "घेतली ती घेतली," एवढंच म्हणायची.

मी तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका सांजदैनिकात गुन्ह्यांच्या बातम्या लिहायचो. 'सुपारी देऊन खून' हा मथळा आमच्याकडे जवळजवळ तयारच असे. बायला त्याचा भारी राग. "देवाच्या कामाचा नाव मुडदे पाडाया कशाला रं?" मी समजवायचो, की बाय, पूर्वी ताशेवाला, आचारी, गोंधळी, कुणालाही काम सांगायचं तर सुपारीच देत. ती घेतली की माणूस शब्दाने बांधला. गुंडांनी तेवढंच उचललं. काहीजण तर हे दरबारातल्या विड्यापर्यंत नेतात, खरंखोटं कुणाला ठाऊक. "उचलाया हेच गावला मेल्यांना," म्हणायची आणि चहा टाकायची.

एका दुपारी ओळखीच्या हवालदाराने मला बाजूला घेतलं. बायच्या मुलाची सुपारी गेली होती. जमीन बायच्या नावावर, बिल्डर मागे लागलेला, आणि तिला सही करू न देणारा हा एकुलता एक मुलगा. त्याला मारायचं काम घेतलं होतं अंबरनाथच्या एका भाईने.

बायला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "त्या भाईच्या भनीचा लगीन हाय. त्याची गाठ माज्या पदराला हाय. गाडी काढ. आन माज्या पोराला यातला काय सांगशील तर माजी शपत. तो कोयता घेऊन धावल."

भाईच्या दारात मांडव पडला होता, बायका हळद कांडत होत्या. बायने गाठ सोडली आणि सुपारी भाईच्या आईपुढच्या पाटावर ठेवली. मुसळं थांबली. मांडव पडल्यावर एकीने सोडलेलं लग्न दुसरी धवलारीण हाती धरत नाही, हे तिथल्या पोरीबाळींनाही माहीत.

भाई बाहेर आला. मागे दोघे.

"तू बी एक घेतलीस," बाय म्हणाली. "माज्या पोराची. ती सोड, मं ही मी उचलीन."

"बाय, आमच्यात परत करत नाहीत."

"आमच्यात बी नाय."

त्याची आई पिवळे हात मांडीवर ठेवून नुसती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी त्यानेच मान खाली घातली.

"मी सोडली," तो म्हणाला. "पण दुसरा घेईल. जमीन तुमच्याकडे आहे तोवर कोणीतरी घेणारच."

बाय त्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत गायली, आवाज कुठे कापला नाही. आणि मग मुलाला न विचारता बिल्डरच्या कागदावर अंगठा देऊन आली.

मुलाने तिच्याशी बोलणं टाकलं. "आयनं भिऊन जमीन घालवली," असं गावभर सांगत फिरायचा. मी चिडायचो. बाय म्हणायची, "बोलूं दे रं. बोलाया हाय ना तो."

दोन-तीन वर्षांत बाय गेली. स्मशानातून परतताना मुलगा माझ्याशेजारी चालत होता. डोळे पुसत म्हणाला, "आय चांगली होती हो, पन लय भित्री."

सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा घामाने भिजलेला होता आणि चांगला गरम होता.