नंबर स्वतःचाच ना?

"नंबर स्वतःचाच ना? बघा हं."

फॉर्म भरायला आलेल्या प्रत्येकाला बाई हे विचारायच्या. विचारताना पेनचं टोपण स्क्रीनवरच्या मोबाईल नंबरवर टकटक वाजवायच्या आणि समोरचा मान डोलवेपर्यंत पुढच्या रकान्यात जायच्या नाहीत. सदाशिव पेठेत राहून तुम्ही कधी सरकारी परीक्षेचा फॉर्म भरला असेल, तर तुमचाही नंबर त्यांनी असाच वाजवून घेतला असेल.

माझं तिथे झेरॉक्स काढायचं आणि ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. बाई माझ्याकडे सहा वर्षं होत्या. धायरीहून बसने यायच्या, दहाच्या ठोक्याला हजर. पगार किती द्यायचो ते विचारू नका. मी चिकट आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे आणि ते कुणी आजवर खोडून काढलेलं नाही.

बाई बी.कॉम. होत्या. लग्नाआधी एका परीक्षेत अगदी थोडक्यात हुकल्या होत्या आणि ते त्यांच्या मनातून काही जात नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखालचं पुस्तक वर यायचं.

"अहो बाई, हे दुकान आहे, अभ्यासिका नाही," मी म्हणायचो.

"अभ्यासिकेत फी घेतात, काका. तुम्ही पगार देता. म्हणून तर इथे येते!"

मी आपला गल्ला मोजायला घ्यायचो.

गिऱ्हाइकांशी त्यांचं बोलणं छापील. पण चिडल्या की आतली धायरी बाहेर यायची. एक पोरगा फॉर्मसाठी सेल्फी घेऊन आला, मागे चार मित्र दात काढून उभे. "आरं, फोटो हाय का वरात?" असं म्हणून बाईंनी त्याला पिटाळलं. तो खराखुरा फोटो काढून आला, तर त्यालाच बसायला स्टूल दिलं.

लोक फॉर्मवर कुणाचाही नंबर द्यायचे. मामाचा, खोलीतल्या जोडीदाराचा, कुणाचाही. मग खोली बदलायची, जोडीदार बदलायचा आणि मुलाखतीचं बोलावणं येऊन गेलेलं कळायचंही नाही. म्हणून बाईंनी सुरेख अक्षरात पाटी लिहून काचेवर लावली : 'फॉर्मवर मोबाईल नंबर स्वतःचाच द्यावा.' मला ती फारच मवाळ वाटली. मी खाली मार्करने भर घातली : 'नंतर येऊन रडू नये.'

"एवढं कडू कशाला, काका?"

"पेठेत गोड पाटी कुणी वाचत नाही."

आणि याच बाईंनी स्वतःच्या फॉर्मवर दुकानाचा नंबर दिला!

तुम्ही म्हणाल, काय हा वेडेपणा. पण त्यांच्या घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या टेम्पोत. बाई फॉर्म भरायला बसल्या तेव्हा टेम्पो चाकणला होता. ओटीपी काही मिनिटंच चालतो. तो नवऱ्याला फोन करून विचारायचा, तर तो गाडी चालवताना उचलायचा नाही. तीनदा प्रयत्न झाले. शेवटी समोर पडलेला दुकानाचा जुना फोन त्यांनी ओढला. "मी तर दिवसभर इथेच असते," म्हणाल्या. एका सरकारी खात्यातली लिपिकाची जागा होती. पुढची जाहिरात निघेपर्यंत त्या वयाच्या अटीतून बाद होणार होत्या, म्हणजे ही शेवटचीच संधी.

निवड झाली नाही, पण प्रतीक्षा यादीत त्या तिसऱ्या आल्या. वरच्यांपैकी कुणी रुजू झालं नाही तर खालच्यांना बोलावतात. तेव्हापासून बाई सकाळी आल्या की आधी तो फोन उघडायच्या, मग चपला काढायच्या. असे चार महिने गेले.

तो फोन मेसेजनी भरला की बंद पडायचा. म्हणून दर शनिवारी मी सगळं एका दमात पुसून टाकायचो. बाईंनी आधीच वाचलेलं असायचं, त्यामुळे मला कधी बघावं लागलं नाही. मग एका आठवड्यात त्यांच्या सासूबाई मोरीत घसरल्या, खुबा मोडला, बाई आठ दिवस रजेवर. त्या शनिवारी मी नेहमीसारखा फोन उचलला आणि नेहमीसारखा पुसला. एका हातात चहाचा कप होता.

पुढे महिन्याभराने एक तरुण पेढ्यांचा पुडा घेऊन आला. नेमणुकीच्या पत्राच्या झेरॉक्स हव्या होत्या. बाईंनी पत्र मशीनच्या काचेवर पालथं घातलं आणि पुन्हा उचलून वाचलं.

"प्रतीक्षा यादीत कितवे होतात आपण?"

"चौथा! वरचे दोघं लागले आणि तिसरं जे कुणी होतं ते कागदपत्रं तपासायला आलंच नाही. मेसेज केला होता म्हणे खात्याने. लोकांना नोकरीची किंमत नाही बघा, मॅडम."

बाईंनी पेढा घेतला. खाल्ला. "अभिनंदन. पाच प्रती काढते, लागतात," म्हणाल्या. कडा जुळवून, पिन मारून त्याच्या हातात दिल्या.

तो गेल्यावर मी काउंटरच्या बाहेर आलो. "बाई, तो मेसेज मी पुसला असणार. चला, आत्ताच खात्यात जाऊ. मी सांगतो साहेबांना, हवं तर पाया पडतो."

"त्याची नेमणूक झाली की, काका. त्यालाबी गरज असंलच." मग स्टेपलर जागेवर ठेवत म्हणाल्या, "नंबर मीच दिलता."

तेवढ्यात एक मुलगी फॉर्म भरायला आली. "नंबर स्वतःचाच ना?" बाईंनी विचारलं. टोपण मात्र वाजवलं नाही.

महिनाअखेरीला त्यांनी काम सोडलं. नऱ्ह्याच्या एका गोदामात पॅकिंगचं काम, दिवसभर उभ्याने. घरापासून जवळ, इतकंच. मी पगार वाढवतो म्हणालो. सहा वर्षांत पहिल्यांदा.

बाई हसल्या. "पुस्तकच वाचायचं नाय आता. मग इथं कशाला येऊ?"

काउंटरखालचं पुस्तक त्यांनी तिथेच ठेवलं. कुणाला लागलं तर द्या, म्हणाल्या. पेढ्यांच्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या, आताही रडल्या नाहीत. पायऱ्या उतरून बसस्टॉपकडे गेल्या.

मी पाटी काढली. बाईंची ओळ ठेवली आणि खालची माझी ओळ कात्रीने कापून टाकली. मग शटर अर्धं ओढलं आणि आत त्यांच्या स्टुलावर बसून रडलो.