रक्त घेणाऱ्या ताई

सौंसरच्या लॅबमधल्या ताई सुई टोचताना हमखास विचारतात, "आज भाजी काय केली?" उत्तर देईपर्यंत रक्त निघालेलं असतं.

तीनदा दिवस राहिले आणि दुसऱ्या महिन्यातच गर्भ पडला, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांच्याही तपासण्या लिहून दिल्या. लॅबमध्ये सासूबाई अडून बसल्या, "माह्या पोराची कायले?"

ताईंनी हसत माझ्या नवऱ्याची बाही वर सरकवली. "काकू, लेकरू एकटीचं असते काय? सांगा भाऊ, भाजी काय खाल्ली?"

"वांगं!" हे दचकून ओरडले. सासूबाईंनाही हसू फुटलं.

तपासणीत मला थायरॉइडचा त्रास निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. आता पाचवा महिना लागलाय. परवा बाजारात सासूबाईंनीच ताईंना हाक मारली, "ओ बाई, आमचं बरं चालून राहिलं!"

'आमचं' ऐकून मी संत्री निवडायची थांबले.