मस्कतसाठी इस्त्री केलेली पँट

मागच्या महिन्यात मस्कतला जाऊन आले. आमच्या लग्नाचा वाढदिवस होता आणि मंगेशने चक्क समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलातल्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलं होतं. पिझ्झा म्हणजे जाड भाकरीवर केचप, असं मानणारा माणूस तो!

मंगेश म्हणजे माझा नवरा. दुक्मला रिफायनरीच्या कामावर असतो, मस्कतपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, सगळी पुरुषांचीच वस्ती. मी आणि लेक चिपळूणला.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. अजून दोन वर्षं वाढवायचं की घरी परतायचं, हे या भेटीत बोलायचं होतं. खरं तर माझं मत मी फोनवरच देऊन टाकलं होतं... राहा की, सगळं व्यवस्थित चाललंय!

आता मी पडले चोखंदळ. निघायच्या आधीच रेस्टॉरंटचं पेज उघडून नियम वाचले. पुरुषांना फुल पँट, कॉलरचा शर्ट, बंद बूट. शॉर्ट्स आणि स्लीपर चालणार नाहीत. मंगेशला विचारलं तुझ्याकडे काय काय आहे, तर म्हणे साइटचा युनिफॉर्म, सेफ्टी शूज आणि टी-शर्ट.

मग काय, कपाटातून त्याची ठेवणीतली काळी पँट काढली. धाकट्या दिरांच्या लग्नात हीच घालून मिरवला होता. शर्टाला कडक इस्त्री, बुटांना पॉलिश... आणि मला मोरपंखी सिल्कची साडी, कारण फिक्या रंगावर टोमॅटोचा सॉस सांडला की कल्याणच!

त्या संध्याकाळी हॉटेलच्या रूममध्ये मी निऱ्या घालत होते. मंगेश बाथरूममधून बाहेर आला तो पँट कमरेपाशी मुठीत धरून. मी खो खो हसत सुटले. म्हटलं, कुणाची घालून आलास?

त्याचीच होती...

पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला तरी पँट घसरत होती. शर्टाचे खांदे दंडावर उतरले होते. आम्ही रोज व्हिडिओ कॉलवर बोलतो, पण तिथे दिसतो फक्त चेहरा, तोही बरेचदा टोपीखाली. विमानतळावर ढगळ टी-शर्टमध्ये भेटला तेव्हा मी इतकी आनंदात होते की काही जाणवलंच नाही.

"अगं, उन्हात जरा उतरलोय. मेसमध्ये रोज तेच ते, जेवण जात नाही. यल्ला, चल आता, उशीर होतोय."

साडीच्या पिना होत्याच जवळ. पँटला मागून दोन चुण्या घालून पिना लावल्या आणि शर्ट वरून सोडला. पिन लावताना त्याच्या पाठीचं हाड हाताला लागलं.

रेस्टॉरंट सुंदर होतं, खोटं कशाला सांगू. शेजारच्या टेबलावर एक ओमानी कुटुंब होतं, पुरुष पांढऱ्याशुभ्र पायघोळ डिशडाशात आणि चपलांत, मजेत पास्ता खात होते. त्यांचा तो मानाचा पोशाख, त्याला कोण अडवणार? आम्हालाही कुणी अडवलं नाही. मंगेश मात्र खुर्चीला पाठ न टेकता बसला होता, पिना टोचतील म्हणून.

सूप संपायच्या आतच मी बोलले... मंगेश, नको वाढवूस कॉन्ट्रॅक्ट. घरी ये. काय कमी-जास्त होईल ते बघू आपण.

त्याने चमचा खाली ठेवला.

"खलास गं... निघायच्या आदल्या दिवशीच सही करून आलो. तू म्हणालीस ना, राहा म्हणून."

त्याला वाईट वाटू नये म्हणून ताटातलं सगळं संपवलं. एकाही घासाची चव आठवत नाही.

त्या रात्रीचा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाइक केलाय. 'काय रुबाबदार दिसतोय मंगेश!' अशा कमेंटही आल्या. तेव्हा हार्ट देऊन गप्प बसले, पण राहवत नाही म्हणून आज हे लिहितेय.

तो दुक्मला परत गेलाय. रेस्टॉरंटचा एक नियम मी सोडला नव्हता, पण नीट जेवतोस का, हे कधी खोदून विचारलं नाही... आता कॉल लागला की म्हणते, फोन भिंतीला टेकव आणि मागे सरक, पूर्ण दिसू दे मला. हसतो तो, पण सरकतो.

ज्यांची माणसं अशी लांब आहेत, त्यांना एवढंच सांगेन. 'बरं चाललंय' एवढं ऐकून फोन ठेवू नका. मी ठेवत होते.